सातबारा नसला तरी शेतीत रोजी आहे

हिंगणघाटच्या कापडबाजाराचा एक जुना हिशेब आहे. दिवाळीच्या आगेमागे शेतकऱ्याचा कापूस बाजार समितीच्या आवारात उतरतो, त्याच्या हाती पैसा येतो आणि पंधरा दिवसांत तोच पैसा कापड, भांडी, किराणा आणि सोनाराच्या दुकानांतून फिरतो. पाऊस लांबला, बोंडअळी लागली किंवा भाव पडला, तर आमच्या गल्ल्यात त्याच महिन्यात खडखडाट होतो. सातबाऱ्यावर ज्याचे नाव नाही असा दुकानदारही शेवटी शेतीवरच जगतो. असे असूनही कृषी खात्याचे किंवा कृषी विद्यापीठाचे एखादे प्रशिक्षण जाहीर झाले, की आपल्या मोहल्ल्यातला नवजवान म्हणतो, "ते शेतकऱ्यांसाठी आहे, आपले तिथे काय काम?"

या प्रश्नाला सविस्तर उत्तर देण्याची वेळ आली आहे. दुकान एक आणि मुलगे तीन, अशी आज घरोघरी स्थिती आहे. तयार कपडे घरपोच येऊ लागल्यापासून लहान कापड दुकानाची गिऱ्हाइकी आटली आहे. शिंपीकाम, रंगकाम, गादीकाम यांत पूर्वीइतकी रोजी उरलेली नाही. अशा वेळी राज्यभर चालणाऱ्या एका मोठ्या कार्यक्रमाकडे आपण पाठ फिरवून बसलो आहोत, ही चिंतेची बाब आहे.

आपले धंदे मुळात शेतीचेच

आपल्या बिरादऱ्यांची नावे एकदा नीट आठवून पाहा. पिंजारी-मन्सुरी म्हणजे कापूस पिंजणारे. बागवान म्हणजे फळ-भाजीचा व्यापार करणारे. कुरेशी जनावरांच्या व्यापारातले. मोमीन-अन्सारी विणकर. शिकलगार धार लावणारे, लोहार औजारे घडवणारे, तांबोळी पानाच्या धंद्यातले. यांतला कोणता धंदा शेतीपासून दूर आहे? जमीन आपल्याकडे कमी होती, पण शेतात पिकलेल्या मालावर हात फिरवून त्याचे मोल वाढवणारे आपणच होतो.

हिंगणघाटचे नावच मुळी कापसाने झाले. एकोणिसाव्या शतकात येथला 'बनी' जातीचा लांब धाग्याचा कापूस विलायतेच्या बाजारात ओळखला जाई. पुढे रेल्वे आली, सरकी काढण्याचे कारखाने आले, गिरण्या उभ्या राहिल्या. या साखळीत सरकी वेगळी करणारा, गाठी बांधणारा, यंत्र दुरुस्त करणारा आणि गाडी हाकणारा यांत आपली माणसे होती. आता साखळी बदलली आहे. गादी पिंजणाऱ्याच्या जागी फोमचा गालिचा आला. कुरेशी बांधवांच्या व्यवसायावर २०१५ च्या महाराष्ट्र प्राणी संरक्षण सुधारणा कायद्याने मोठा आघात केला. पण साखळी तुटलेली नाही. तिच्यातली नवी कामे शिकवणारे वर्ग सरकारी खर्चाने चालू आहेत आणि त्या वर्गांत आपली मुले दिसत नाहीत.

सच्चर समितीने २००६ च्या अहवालात दाखवून दिले होते, की मुसलमान कामकरी इतर समाजांच्या मानाने शेतीत कमी आणि स्वतःच्या लहान धंद्यात जास्त आहेत, आणि बँकेच्या कर्जात त्यांचा वाटा तोकडा आहे. अहवालावर सभा पुष्कळ झाल्या. लहान धंदेवाल्याला शेतीच्या नव्या कामाशी जोडण्याचा विचार मात्र फारसा झाला नाही.

कार्यक्रम आहे तरी कसा

शेतीतल्या तरुणांसाठी एकच एक योजना आहे असे समजू नये. राज्यात हा कार्यक्रम अनेक संस्थांच्या हातून चालतो आणि नवख्या माणसाचा गोंधळ येथेच होतो. म्हणून थोडक्यात ओळख करून देतो.

राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे आहेत. आपला वर्धा जिल्हा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो. हे विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झाले. जिल्ह्यातले कृषी विज्ञान केंद्र वर्ध्याहून देवळीकडे जाताना सेलसुरा येथे आहे. कृषी विज्ञान केंद्राने तीन गटांना प्रशिक्षण द्यायचे असते: शेतकरी, ग्रामीण युवक आणि विस्तार कर्मचारी. यातला 'ग्रामीण युवक' हा शब्द लक्षात ठेवावा. तेथे 'जमीनधारक युवक' असे लिहिलेले नाही.

दुसरी संस्था नागपूरची 'वनामती', म्हणजे वसंतराव नाईक राज्य कृषी विस्तार व्यवस्थापन प्रशिक्षण संस्था. ग्रामीण युवकांच्या कौशल्य प्रशिक्षणाचा सुमारे आठवडाभराचा अभ्यासक्रम तिच्यामार्फत आणि जिल्ह्याच्या 'आत्मा' कार्यालयामार्फत राबवला जातो. तुकडी लहान असते, त्यामुळे आधी नाव देणारा आत जातो.

तिसरे ठिकाण वर्ध्याची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. जिल्ह्याची अग्रणी बँक असलेल्या बँक ऑफ इंडियातर्फे ती चालते. शिकवणे, राहणे, जेवणे मोफत. शेळीपालन, कुक्कुटपालन, दुग्धव्यवसाय यांबरोबर दुरुस्तीची कामेही अशा संस्थांत शिकवतात. चौथे ठिकाण वर्ध्याचीच महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था. खादी-वस्त्र, सेंद्रिय पदार्थ, ग्रामोद्योगाची रसायने अशा विषयांवर तेथे काम चालते. कापडाच्या धंद्यातल्या माणसाला तेथे परके वाटण्याचे कारण नाही.

ज्यांच्या मुलाने कृषी पदवी किंवा पदविका घेतली आहे त्यांच्यासाठी २००२ मध्ये सुरू झालेली कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्राची केंद्रीय योजना आहे. तीत ४५ दिवसांचे निवासी प्रशिक्षण असते. दहावीनंतर दोन वर्षांचा मराठी माध्यमाचा कृषी पदविका अभ्यासक्रमही आहे. आपल्याकडे दहावीनंतर मुलगा आयटीआयला किंवा दुकानात, असा ठरलेला रस्ता आहे. ही तिसरी वाट फार थोड्यांना ठाऊक आहे.

जमीन नसलेल्याने काय करावे

आता मुद्द्याचे. शेत नाही, तरी करता येतील अशी कामे मी येथे मांडतो. निवड करताना हिंगणघाट-समुद्रपूर भागाचा माल आणि आपल्या हातचे हुनर, या दोन गोष्टी डोळ्यांपुढे ठेवल्या आहेत.

पहिले, डाळ. आपल्या भागात तूर आणि हरभरा भरपूर पिकतो. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेली 'पीकेव्ही मिनी डाळ मिल' गावपातळीवर चालवता येते. शेतकरी तूर कच्ची विकतो आणि घरासाठी डाळ विकत आणतो. मधला नफा कोणाचा? ज्याच्याकडे यंत्र आहे त्याचा. यंत्र चालवणे, चाळण्या बदलणे, पट्टा बसवणे ही कारागिराच्या मुलाची कामे आहेत. केवळ मजुरीवर डाळ भरडून दिली तरी हंगामभर काम पुरते, आणि मालात पैसा गुंतवावा लागत नाही.

दुसरे, यंत्रांची देखभाल. सरकी काढण्याचे कारखाने आपल्या तालुक्यात आहेत आणि जाणकार फिटर मिळत नाही अशी तक्रार मालकांकडून नेहमी ऐकू येते. कापूस तंत्रज्ञानाच्या केंद्रीय संशोधन संस्थेचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपुरात, अमरावती रस्त्यावर वाडी येथे आहे. रोलर जिनची जुळवणी तेथे शास्त्रशुद्ध शिकवली जाते. ज्याचे वालिद आणि दादा याच कामात हात काळे करीत होते, त्या मुलाने तेथून प्रमाणपत्र आणले तर त्याच्या मजुरीचा भाव वेगळा राहील. कपाशीच्या पऱ्हाट्यांपासून जळणाच्या विटा बनवण्याच्या आणि आळिंबी पिकवण्याच्या पद्धतीही याच संशोधन संस्थेने विकसित केल्या आहेत. आज शेतकरी पऱ्हाटी बांधावर जाळतो.

तिसरे, कृषी सेवा केंद्र. बी-बियाणे, खते आणि औषधांचे दुकान चांगले चालते हे सर्वांना दिसते. मात्र खत आणि कीटकनाशक विकण्याचा परवाना आता ठरावीक शिक्षण किंवा मान्य अभ्यासक्रम केल्याशिवाय मिळत नाही. त्यासाठी हैदराबादच्या 'मॅनेज' या संस्थेने २००३ मध्ये 'देसी' हा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला. वर्ग आठवड्यातून एक दिवस भरतो, त्यामुळे दुकान बंद ठेवावे लागत नाही. या धंद्यात जबाबदारी मोठी आहे. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कोणते औषध कशात मिसळू नये, अंगावर काय घालावे, हे गिऱ्हाइकाला सांगणारा दुकानदार म्हणजे त्याच्या जिवाचा राखणदार असतो. आपल्या दीनमध्ये मापात खोट करणे हराम आहे. मग जीव जाईल असा माल माहिती न देता विकणे कसे चालेल?

चौथे, फवारणीचा ड्रोन. हे काम मोबाईलवर बोटे फिरवणाऱ्या मुलांना आवडेल असे आहे. ड्रोन चालवण्याचा परवाना मिळण्यास वय किमान १८ आणि शिक्षण दहावी पास लागते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता असलेल्या संस्थेतच प्रशिक्षण घ्यावे. २०२२ मध्ये केंद्राने भाड्याने औजारे देणाऱ्या केंद्रांसाठी ड्रोन खरेदीवर ४० टक्के, कमाल चार लाख, आणि कृषी पदवीधरांना ५० टक्के, कमाल पाच लाख रुपये मदतीचा नियम केला. यात दहावी पास आणि परवानाधारक ग्रामीण उद्योजकालाही स्थान दिले गेले. यंत्र महाग आहे हे खरे. म्हणून आधी दुसऱ्याच्या ड्रोनवर पगाराने काम करावे, एक हंगाम पाहावा, मग खरेदीचा विचार करावा.

पाचवे, शेळीपालन. हा विषय बकरी ईदपुरता आठवण्याचा नाही. विदर्भाची 'बेरारी' ही शेळीची जात राष्ट्रीय नोंदणीत आलेली आहे आणि आपल्या हवामानात टिकते. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२१ पासून शेळीपालनाच्या मोठ्या युनिटला ५० टक्के भांडवली अनुदानाची तरतूद झाली. १०० शेळ्या आणि ५ बोकडांच्या युनिटला ही मर्यादा १० लाखांपर्यंत आहे. जमीन भाडेपट्ट्याने घेतलेली चालते, पण प्रशिक्षण किंवा अनुभव दाखवावा लागतो. नागपूरचे पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आणि शेळी-मेंढी महामंडळ ही प्रशिक्षणे देतात. जनावरांची पारख ज्या कुरेशी घराण्यांच्या रक्तात आहे, त्यांनी विकत घेऊन विकण्याबरोबर पैदाशीतही उतरावे. एकदम शंभराच्या मागे लागू नये. दहा शेळ्या एक वर्ष जगवून दाखवाव्यात.

सहावे, हळद आणि मसाले. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वायगाव आपल्या बाजूलाच आहे. आपल्या घरातल्या बाया मसाला कुटण्यात आणि लोणची घालण्यात कोणाला हार जाणाऱ्या नाहीत. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत २०२० पासून प्रकल्पाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान आणि बचतगटातील प्रत्येक सदस्येस ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवल अशी तरतूद केली गेली. अशा योजनांच्या मुदती आणि अटी बदलत असतात, म्हणून तालुका कृषी कार्यालयात विचारून मगच पाऊल उचलावे.

कापडवाल्यांसाठी एक गोष्ट जोडतो. राज्याचे रेशीम संचालनालय नागपुरात आहे आणि दरवर्षी 'महारेशीम अभियाना'त तुती लागवडीसाठी शेतकऱ्यांची नोंदणी होते. लागवडीला जमीन लागते, परंतु कोषापासून धागा आणि धाग्यापासून कापड या पुढच्या कामाला जमीन लागत नाही. ज्या विणकर घराण्यांचे माग बंद पडले त्यांनी या बाजूला नजर टाकावी.

वर्षाचे वेळापत्रक भिंतीवर लावा

आपल्याकडे बातमी पोहोचते ती तारीख उलटल्यावर. यावर उपाय सोपा आहे. शेतीचे कार्यक्रम हंगामाप्रमाणे ठरलेल्या सुमारास येतात, ते आधीच लिहून ठेवावेत.

जून-जुलैत दहावीच्या निकालानंतर कृषी पदविकेचे प्रवेश सुरू होतात. १ जुलै हा वसंतराव नाईक यांचा जन्मदिवस राज्यात कृषी दिन म्हणून पाळला जातो आणि त्या सुमारास गावोगावी अधिकारी येतात. पावसाळ्यात कृषी महाविद्यालयांचे विद्यार्थी 'कृषीदूत' आणि 'कृषीकन्या' म्हणून खेड्यांत राहून काम करतात. वडनेर, अल्लीपूर, पोहणा अशा गावांत ते आले, तर आपल्या मुलांनी त्यांच्याशी ओळख करून घ्यावी. कोणता अभ्यासक्रम कसा आहे हे विद्यार्थ्याइतके खरे कोणी सांगत नाही.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अकोल्याचे विद्यापीठ आपल्या शेतांवर 'शिवार फेरी' ठेवते. ७ ऑक्टोबर हा जागतिक कापूस दिन. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आपल्यापासून दोन तासांच्या आत आहे. हिवाळ्यात नागपूरला 'ॲग्रोव्हिजन' भरते; हे प्रदर्शन २००९ पासून सुरू आहे. २७ डिसेंबर ही डॉ. पंजाबराव देशमुखांची जयंती. त्या सुमारास अकोल्यात राज्यस्तरीय कृषी प्रदर्शन भरते. जानेवारी ते मार्च या काळात 'आत्मा'तर्फे जिल्हा कृषी महोत्सव होतो. मार्चअखेर जवळ आली, की सर्वच कार्यालयांना प्रशिक्षणाचे उद्दिष्ट पूर्ण करायचे असते. वीस-पंचवीस नवजवानांची यादी घेऊन कोणी गेले, तर अशा वेळी त्याचे ऐकले जाण्याची शक्यता अधिक.

प्रदर्शनाला जाताना जत्रेसारखे जाऊ नये. वही घेऊन जावे. यंत्रवाल्याला तीन प्रश्न विचारावेत: सुटे भाग कोठे मिळतात, आपल्या जिल्ह्यात हे यंत्र कोणाकडे चालू आहे, आणि दुरुस्तीला माणूस किती दिवसांत येतो? मग ज्याच्याकडे यंत्र चालू आहे त्याच्याकडे स्वतः जाऊन पाहावे. कापडाचा व्यापारी ठाण उलगडून, सूत चिमटीत धरून पाहिल्याशिवाय सौदा करीत नाही. येथेही तोच नियम लावावा.

भाषेची भीती

अनेक पालक म्हणतात, "आमचा मुलगा उर्दू माध्यमाचा, तिथे सगळे मराठीत चालते." मी स्वतः उर्दू शाळेत शिकलो आहे, त्यामुळे ही अडचण मला ऐकून ठाऊक झालेली नाही. पण ती वाटते तेवढी मोठी नाही. शेतीच्या मराठीत आपले शब्द किती आहेत पाहा. खरीप म्हणजे अरबीत पानगळीचा ऋतू, रब्बी म्हणजे वसंत. तहसील, मौजा, जमाबंदी, वसूल, जमीन हे सारे शब्द उर्दू शाळेतल्या मुलाच्या ओळखीचे आहेत. अनुदान, प्रकल्प अहवाल, हमीपत्र, पूर्वसंमती असे पाच-पन्नास शब्द शिकले, की काम चालते. मोहल्ल्यातल्या एखाद्या मराठी शाळेत शिकलेल्या मुलीने आठवड्यातून एक संध्याकाळ हे अर्ज वाचून दाखवले, तरी पुष्कळ होईल.

पैसा आणि व्याज

आता नाजूक विषय. यातल्या बहुतेक योजनांचे अनुदान बँकेच्या कर्जाला बांधलेले असते. उदाहरणार्थ, पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अल्पसंख्याक अर्जदार विशेष प्रवर्गात धरला जातो. त्याला स्वतःचे ५ टक्के घालावे लागतात आणि अनुदान शहरात २५ टक्के, ग्रामीण भागात ३५ टक्के असे ठरले आहे. म्हणजे तीच डाळ मिल हिंगणघाट शहराऐवजी ग्रामपंचायतीच्या हद्दीत उभारली तर दहा टक्क्यांचा फरक पडतो. पण अनुदान तीन वर्षे बँकेत अडकलेले असते, कर्ज चालू ठेवावे लागते आणि कर्ज म्हटले की व्याज आले.

याबाबत कोणी काय करावे हे सांगण्याचा अधिकार माझा नाही; त्यासाठी उलेमा आहेत. एवढे मात्र सांगतो, की व्याज नको म्हणून प्रशिक्षणही नको, हे तर्काला धरून नाही. आठवडाभराचे प्रशिक्षण घेताना कर्ज लागत नाही. फिटरचे प्रमाणपत्र घेताना कर्ज लागत नाही. शेळीपालनाच्या वर सांगितलेल्या योजनेत स्वतःचे भांडवल घालण्याचीही सोय ठेवलेली आहे. अडते ते भांडवलाशी, आणि तेथे आपल्या बाजारपेठेने पुढे व्हायला हवे.

समजा, पाच दुकानदारांनी वीस-वीस हजार काढले आणि प्रशिक्षण घेऊन आलेल्या एका होतकरू मुलाला एक लाख रुपये दिले. कर्ज म्हणून नव्हे, भागीदारी म्हणून. भांडवल दुकानदारांचे, मेहनत मुलाची. नफ्याची वाटणी आधीच लिहून ठरलेली, अर्धी-अर्धी म्हणा किंवा साठ-चाळीस. मुलाच्या हयगयीशिवाय तोटा आला, तर पैसा भांडवलवाल्यांचा जाईल आणि मुलाची मेहनत वाया जाईल. दर तीन महिन्यांनी हिशेब. याला फिकहमध्ये मुदारबत म्हणतात. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी हजरत खदीजा (रजि.) यांच्या भांडवलावर व्यापार केला तो याच रीतीने. आपण ईदला लाखाचा माल उधारीवर भरतो आणि तो खपेल की नाही याची जोखीम घेतो. मग आपल्याच गल्लीतल्या शिकलेल्या मुलावर वीस हजारांची जोखीम घेण्यास कचरण्याचे कारण काय?

हदीसमध्ये प्रसिद्ध प्रसंग आहे. मदत मागायला आलेल्या एका अन्सारी माणसाच्या घरातल्या दोन वस्तूंचा प्रेषितांनी (स.) लिलाव केला. आलेल्या दोन दिरहमांतून एकाचे घरी अन्न पाठवले, दुसऱ्याची कुऱ्हाड घ्यायला लावली आणि त्याला लाकडे तोडून विकायला पाठवले. पंधरा दिवसांत तो माणूस दहा दिरहम कमावून परतला. आपली बैतुलमाले आणि जकातीच्या समित्या रेशन वाटतात, ते वाटायलाच हवे. पण त्याच्या बरोबर कुऱ्हाडही द्यावी. आजची कुऱ्हाड म्हणजे फिटरचा पाना-संच, शेळ्यांची जोडी किंवा प्रशिक्षणाला जाण्या-येण्याचा खर्च.

अधिकाऱ्यांकडे मागणे

दोष सगळा आपलाच आहे असे नाही. प्रशिक्षणाची सूचना कार्यालयाच्या फळ्यावर लागते आणि त्याच त्या माहितगारांपर्यंत पोहोचते. २०२५ पासून शेतीच्या योजनांना शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. जमीनधारकासाठी हे सोयीचे असेल, पण भूमिहीन कारागिराला दारातूनच परत पाठवण्यासाठी तो वापरला जाऊ नये. कोणत्या प्रशिक्षणाला हा क्रमांक लागतो आणि कोणत्याला लागत नाही, याची स्पष्ट यादी तालुका कार्यालयाने लावावी. सेलसुऱ्याच्या केंद्राने वर्षातून एक तुकडी हिंगणघाटच्या बाजार समितीच्या आवारात, भूमिहीन कारागिरांसाठी घ्यावी. माहितीचे एक पान उर्दूतही छापावे. या मागण्या खर्चाच्या नाहीत. तीन-चार व्यापाऱ्यांनी सहीनिशी निवेदन दिले तर त्यांचा विचार होऊ शकतो.

आपल्या बाजूने काय करायचे तेही ठरवू. प्रत्येक मशिदीच्या सूचनाफलकावर, नमाजच्या वेळांशेजारी, प्रशिक्षणांचे वेळापत्रक लागावे. आधार, शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासी दाखला, बँक पासबुक आणि उद्यम नोंदणी ही कागदपत्रे प्रत्येक मुलाने एका फाईलमध्ये तयार ठेवावीत. उद्यम नोंदणी मोफत असते, त्यासाठी कोणालाही पैसे देऊ नयेत. आणि प्रत्येक मोहल्ल्यातून या वर्षी निदान दोन नवजवान एखाद्या प्रशिक्षणाला जावेत. दोन म्हणजे फार नव्हेत. पण पहिले दोन परतून आले, की पुढच्या वर्षी दहा स्वतःहून विचारत येतील.

शेती संकटात आहे, मग त्यात आपल्या मुलांना कशाला ढकलता, असेही कोणी म्हणेल. कापूस पिकवणाऱ्याचे हाल आम्ही दुकानात बसून रोज पाहतो. पण वर सांगितलेली कामे शेतकऱ्याच्या संकटात भर घालणारी नाहीत. त्याची तूर गावातच भरडली गेली, त्याचे यंत्र वेळेवर दुरुस्त झाले, त्याला औषधाची खरी माहिती मिळाली, तर त्याचे चार पैसे वाचतील आणि ते पैसे फिरून आपल्याच बाजारात येतील. हिंगणघाटात शेतकरी आणि दुकानदार यांचे नशीब एकाच गाठीत बांधलेले आहे. अल्लाह आपल्या नवजवानांना हलाल रोजीची वाट दाखवो आणि तिच्यावर चालण्याची हिंमत देवो. आमीन.